भिंतीच्या आत काय दडवलंय

आमच्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालीवर नीट ताबा राहत नाही, दोन्ही पाय आणि दोन्ही हात स्पॅस्टिक, म्हणजे स्नायू ताठ, उजवी बाजू जरा जास्तच, आणि आम्ही घराचं काम काढलं तेव्हा ती सात वर्षांची होती. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, रॅम्प केला का? अहो रॅम्प हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. एकास बारा उतार, म्हणजे दाराशी १५ सेंटीमीटरची पायरी असेल तर १८० सेंटीमीटरचा रॅम्प, वर दार उघडेपर्यंत खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा, बाजूने चाक खाली जाऊ नये म्हणून छोटीशी कड, झालं. जागा असेल तर एकास पंधरा करा, वीस करा, ढकलणाऱ्याचे खांदे दुवा देतील. खरं डोकं लागतं ते दाराच्या आत आल्यावर.

आमची सुरुवात रोजची कामं कशी जमवायची हे शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंपासून झाली, आर्किटेक्ट नंतर आला, आणि ते फार बरं झालं. ताईंकडे मी गेले होते ते बाथरूममधले धरायचे बार किती उंचीवर लावू हे विचारायला, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, ही तेरा वर्षांची होईल तेव्हा पलंगावरून कमोडवर कशी जाणार? आत्ता काय, मी काखेत हात घालून उभी करते, ती दोन पावलं टाकल्यासारखं करते, आम्ही दोघी वळतो आणि बसतो. ताई म्हणाल्या हे उभं राहणं टिकेलच असं धरून घर करू नका. मग त्यांनी जीएमएफसीएसच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची हालचाल ठरवायच्या पद्धतीच्या, पाच लेव्हल समजावल्या, पहिली सगळ्यात सौम्य, पाचवी सगळ्यात अवघड. रॉबर्ट पालिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत आहे ती, मूल आपलं आपण कसं हलतं यावरून लेव्हल ठरते. आमची चौथ्यात, म्हणजे आधार दिला तर बसते, घरातल्या घरात वॉकरमध्ये थोडं, बाकी खुर्ची. ही लेव्हल लहानपणानंतर सहसा फारशी बदलत नाही, पण तिसऱ्या ते पाचव्या लेव्हलच्या काही मुलांचं जे जमत असतं तेही वयात येताना कमी होतं, कारण उंची आणि वजन वाढतं, स्नायू त्या वेगाने साथ देत नाहीत. ऐकायला जड गेलं. पण घर करणाऱ्याच्या दृष्टीने बघाल तर ही सोन्यासारखी माहिती आहे, कारण पुढची दहा वर्षं साधारण कशी असतील हे कळतं, आणि असा अंदाज किती जणांना मिळतो घर बांधताना?

दुसरा मुद्दा माझ्या पाठीचा. अमेरिकेत हॉस्पिटलमधल्या स्टाफने पेशंट हाताने उचलायचा तर ३५ पौंडांपर्यंतच, म्हणजे साधारण १६ किलो, अशी मर्यादा सुचवलेली आहे, तीही पेशंट हलत नाहीये, जागा अडचणीची नाहीये वगैरे सगळं जुळून आलं तर. आमचं मूल तेव्हाच वीसच्या घरात आणि उचलताना ताठ होतं, वाकडं होतं, मध्येच काहीतरी आठवून हसायला लागतं. म्हणजे मर्यादा आम्ही कधीच ओलांडून बसलोय. घरातल्या आईची पाठ हीसुद्धा घराच्या डिझाइनमधली गोष्ट आहे हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मी आता भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

तर ठरलं असं की घर सात वर्षांच्या लेकीसाठी करायचं, पण तेरा वर्षांच्या लेकीसाठी आतून तयारी करून ठेवायची. दिसायला काही नको, हॉस्पिटल वाटायला नको, फक्त वेळ येईल तेव्हा फरशी उखडायला आणि भिंत फोडायला लागू नये.

आर्किटेक्ट घरातलाच, माझा मावसदीर. त्याने लाइफटाइम होम्स नावाची एक यादी आणली, ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात केलेली, १६ मुद्दे. त्यात चांगल्या गोष्टी आहेत, बाथरूमच्या भिंती पुढे कधी बार लावता येतील इतक्या मजबूत ठेवा, बेडरूमपासून बाथरूमपर्यंत छताला हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलून नेणारं यंत्र, जाऊ शकेल असा रस्ता ठेवा वगैरे. पण वाचताना डोळ्यासमोर आजी-आजोबाच येतात. मी म्हटलं भाऊजी, म्हाताऱ्या माणसाची उंची वाढत नाही हो, हिची दर वर्षी वाढतेय. मग शोधाशोध करून त्याने अमेरिकेच्या एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखालच्या मानकांमधले मुलांचे आकडे काढले. खुर्चीत बसून हात वर कुठपर्यंत पोहोचतो, तर ३ ते ४ वर्षांच्या मुलाचा ३६ इंच, ५ ते ८ चा ४०, ९ ते १२ चा ४४, मोठ्यांसाठी ४८. कमोडच्या सीटची उंची सगळ्यात लहानांसाठी ११ इंचांपासून सुरू होते ती बारा वर्षांपर्यंत १७ वर जाते, शेजारचा धरायचा बार १८ ते २० इंचांवरून चढत चढत २७ पर्यंत आणि मोठ्या माणसांसाठी ३३ ते ३६. म्हणजे एकच बार आयुष्यभर चालणार नाहीये, तो सरकत राहणार. हे आकडे बघितले आणि मग "बार किती उंचीवर लावू" या माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की कुठेही लावा पण अख्खा पट्टा तयार ठेवा.

आमच्या आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या ठरल्या होत्या. अशा भिंतीत साधा प्लग ठोकून बार बसवला की पहिले काही महिने छान राहतो आणि एक दिवस कुणीतरी पूर्ण वजनाने लोंबकळलं की प्लगसकट हातात येतो. बारने निदान ११३ किलोचा जोर झेलायला हवा असं ते मानक सांगतं. म्हणून कमोडच्या मागची भिंत, बाजूची भिंत आणि शॉवरची भिंत, जमिनीपासून ४० सेंटीमीटर ते एक मीटर एवढा पट्टा काँक्रीटचा करून घेतला. गवंडीमामा वैतागले, म्हणाले ब्लॉकमध्येच लावा की केमिकल टाकून. टाकता येतं, केमिकल अँकरने, म्हणजे भोकात घट्ट होणारं रसायन भरून, ब्लॉकमध्येही चांगलं बसतं, पण त्यासाठी बार कुठे हे आज माहीत हवं ना, आणि इथे तर तो दोन-तीन वर्षांनी वर चढणार आहे. जिप्समचं पार्टिशन असेल तर आत १८ मिलिमीटरचा प्लायवुड घालून घेतात, तत्त्व तेच.

प्लॅन कागदावर आला तेव्हा बाथरूममध्ये पाच फुटांचं वर्तुळ काढलेलं होतं, व्हीलचेअर पूर्ण वळायला १५० सेंटीमीटर लागतात म्हणून. कागदावर झकास दिसतं ते. ताईंनी सगळं गच्चीवर खडूने खऱ्या मापात काढायला लावलं, भिंती, कमोड, बेसिन, दार कुठपर्यंत उघडतं ते पण, आणि लेकीला खुर्चीत बसवून मला म्हणाल्या, न्या आता हिला आंघोळीला. ती खुश, तिला वाटलं खेळ चाललाय. वर्तुळात खुर्ची बसली, पण हिचे पाय ताठ झाले की फूटरेस्टच्या बरेच पुढे येतात, मागे मी, माझी कोपरं, आणि शॉवर चेअर, म्हणजे आंघोळीची चाकांची खुर्ची, ती कुठे? एकीतून दुसरीत बसवताना दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी उभ्या राहायला हव्यात. भाऊजी खाली बसला, खडूची भिंत पायाने पुसली आणि दोन फूट बेडरूमकडे सरकवली. बेडरूममधलं एक कपाट गेलं. मग ताई म्हणाल्या आता पॉवर चेअर, म्हणजे मोटरवर चालणारी व्हीलचेअर आहे असं समजा, ती लांब असते, वळायला जास्त जागा खाते, आणि शंभर किलोच्या पुढे सहज जाते त्यामुळे अडकली तर उचलून सरळ करता येत नाही, की पुन्हा खडू. ज्याला कुणाला असं घर करायचंय त्याने काही नाही तर निदान हा खडूचा कार्यक्रम करावा, आणि मूल खुर्चीत बसवून करावा, रिकामी खुर्ची फिरवून काही कळत नाही.

बाथरूमला उंबरा नाही, सगळी फरशी एकसलग, जाळी भिंतीलगत लांबट. उतार दोन टक्क्यांच्या आसपास ठेवला, कारण जास्त दिला तर पाणी पटकन जातं पण शॉवर चेअरसुद्धा जाते. ब्रेक असतो हो, पण ओल्या फरशीवर ब्रेक लावलेली चाकं घसरू शकतात. फरशी निवडतानाही तोच पेच, जास्त खरखरीत घेतली की ओल्यात घसरत नाही पण ही अजून रांगते, गुडघे सोलून निघतात. शेवटी बारीक दाणा असलेली, चमक नसलेली मॅट फरशी घेतली, आणि सगळ्यांनी घरी आणून ओली करून अनवाणी उभं राहून बघितलं. कमोड भिंतीला टांगलेला, आणि त्याची उंची शॉवर चेअरची चौकट मोजून मग ठरवली, म्हणजे चेअर सरळ मागे ढकलली की कमोडच्या वर जाऊन बसते, परत उचलाउचली नाही. पायाखाली फळी हवीच, पाय अधांतरी राहिले की अंग आवळलं जातं आणि मग काय होणार, काही होत नाही. नळाला थर्मोस्टॅटवाला मिक्सर, म्हणजे पाणी ठरलेल्यापेक्षा गरम येत नाही. ६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदात भाजते, मुलांची त्याहून लवकर, आणि हिला हात पटकन मागे घेता येत नाही.

आता हॉइस्ट. छताला रूळ, त्यावर मोटर, खाली झोळीसारखं स्लिंग, पलंगावरून उचलायचं आणि सरळ बाथरूममध्ये नेऊन बसवायचं. आत्ता नकोय, तिला आवडणारही नाही, पण आठ-दहा वर्षांत लागेल असं धरलंय. अडचण अशी की पलंग एका खोलीत आणि कमोड दुसऱ्या, आणि मधल्या दाराच्या वर भिंत असते, रूळ जाणार कुठून? आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून खात्री केली की त्या भिंतीवर बीम नाहीये, स्लॅब सलग आहे. मग दाराची चौकट सात फुटांवर पण वरचं सगळं स्लॅबपर्यंत मोकळं सोडलं आणि तिथे प्लायचं पॅनेल बसवून रंग मारला. स्क्रू काढले की पॅनेल हातात. इलेक्ट्रिशियनने वर पाईप टाकून पॉइंट काढून ठेवलाय, त्यावर बंद झाकण. रुळाचे हुक जिथे येतील तिथे फॉल्स सीलिंग केलंच नाही, हॉलमध्ये करा काय करायचं ते. एका सल्लागाराने हे सगळं आत्ताच बसवून टाका, सेटच घ्या म्हणून फार आग्रह केला होता, कॅटलॉग पण गुळगुळीत होता. सात वर्षांच्या मुलीने रोज झोपताना डोक्यावर तो रूळ का बघायचा? माझं स्पष्ट मत आहे, लागेल तेव्हा लावावं, पण लावता येईल असं आज करावं.

झोपताना वर बघण्यावरून आठवलं, तिच्या पलंगावर मी पाठीवर झोपून बघितलं आणि बरोब्बर डोळ्यावर एलईडीचा गोल दिवा. आपण खोलीत उभे राहून दिवे ठरवतो, आणि ही दिवसातला बराच वेळ आडवी असते. तो दिवा प्लॅनमधून काढला, भिंतीकडे तोंड करून उजेड टाकणारे घेतले. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांना मेंदूकडून येणारा दृष्टीचा त्रास असतो, डोळा ठीक पण दिसलेलं नीट उलगडत नाही, आमच्याकडे तो थोडा आहे. म्हणून चकचकीत फरशी नाही, नक्षी नाही, बार गडद निळा आणि भिंत पांढरी, बटणाभोवती रंगीत पट्टी. आणि आवाज. दार धाडकन आपटलं की ही दचकते, दचकली की अख्खं अंग ताठ, आणि ते नेमकं उचलताना झालं की आम्ही दोघी पडणार. त्यामुळे सगळ्या दारांना, ड्रॉवरना हळू बंद होणाऱ्या फिटिंग. तेवढ्यासाठी सुताराकडे पुन्हा पुन्हा भुणभुण करावी लागली.

सुताराची आणखी एक गंमत, ९० चं दार म्हटलं की तो चौकटीचं बाहेरचं माप धरतो. चौकटीची जाडी गेली, उघडलेल्या दाराची जाडी गेली, की आत उरतात जेमतेम ७५-७८ सेंटीमीटर आणि खुर्ची ढकलणाऱ्याची बोटं सोलवटतात. "मोकळी जागा ९०, टेप लावून दाखवा" असंच बोलायचं. आमची दारं वरून टांगलेली सरकती, खाली पट्टी नाही.

तिला काय हवंय हे विचारायचं ताईंनीच सुचवलं, आणि मला वाटलं होतं ती रंग सांगेल. तिचं बोलणं अडखळत येतं, वेळ लागतो, पण तिने सांगितलं ते असं की मला माझं दार बंद करायचंय. मी करायचंय. दादा करतो तसं. दादा बाराचा आहे, रागावला की आत जाऊन दार लावून घेतो, आणि हिला रागावून कुठे जाताच येत नव्हतं! मग त्या एका दारासाठी आम्ही जेवढी डोकेफोड केली तेवढी बाकी घरासाठी नसेल केली. हँडल काय ठेवायचं तर बंद मुठीने चालेल असं, कारण डावी मूठ तिची चांगली चालते पण बोटं सुटी उघडत नाहीत. मोठं डीच्या आकाराचं हँडल, उभं, लांब, म्हणजे उंची वाढली तरी हात कुठेतरी पोहोचतो. दार हलकं हवं म्हणून आतून पोकळ, रोलर चांगल्यातले. कडी आतून आहे, बाहेरून नाण्याने उघडता येते, हे तिला माहीत आहे आणि तिला ते अजिबात पसंत नाही. दार बसलं त्या आठवड्यात ती आमच्यावर उगाचच रागवत होती, नुसतं जाऊन लावून घ्यायला.

व्हॉइसवर चालणारे दिवे लावा असं तर प्रत्येकाने सांगितलं. आणून बघितलं एक यंत्र, दादाचं ऐकायचं, हिचं नाही. अडखळत्या उच्चारांना ती यंत्रं सरळ "समजलं नाही" म्हणतात, आणि ज्या मुलाला दिवसभर माणसं हेच म्हणतात त्याला भिंतीनेही तेच म्हणायचं का? त्यापेक्षा तळव्याएवढं मोठं बटण तिच्या टेबलावर, खोलीतली बाकीची सगळी ४० इंचांवर. मोठ्यांना ४० इंचांवर काही अडचण येत नाही, वाकावं लागत नाही, दोन दिवसांत हात खाली जायला लागतो.

कपाटाच्या फळ्या खाचांच्या पट्टीवर, बेसिनसुद्धा तसंच, मागे उभ्या पट्टीवर आणि खाली लवचिक पाईप, उंची बदलायला प्लंबर नको, पाना पुरतो. बेसिनखाली गुडघे जायला मोकळं, पाईप मागे ढकललेला. आरसा खालपर्यंत. खिडकीचा कट्टा दोन फुटांवर आणि गजांमधला आडवा पट्टा तिच्या डोळ्यांच्या रेषेत येणार नाही असा, हे भाऊजीने स्वतः तिच्या उंचीला बसून बघितलं. बाकी सासूबाईंना वाटतंय की बाथरूममधले बार त्यांच्या गुडघ्यांसाठीच लावलेत, आणि आम्ही तो समज दूर केलेला नाही.

आमचं बघून दोन घरांनी विचारलं, पण त्यांचं गणित वेगळं निघालं. एकांच्या मुलाला ड्युशेन आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार, तो आत्ता पळतो, आणि त्या आजारात चालणं बहुतेकदा शाळकरी वयातच, दहा ते तेराच्या दरम्यान थांबतं. त्याच्या आईला मी म्हटलं की आत्ता धावतोय म्हणून वरच्या मजल्यावर त्याची खोली करू नका. ती काही बोलली नाही. पुढे त्यांनी खोली खाली घेतली आणि वरची "पाहुण्यांची" केली, मुलाला कारण काही सांगितलं नाही. दुसऱ्यांची मुलगी ऑटिस्टिक, तिला रुंद दारं नकोतच, तिला पडदा लावून बसता येईल असा कोपरा हवा, ट्यूबची गुणगुण नको, आणि खिडकी ठरावीकच उघडेल असा अडसर हवा कारण ती चढते. एकाच घरात सगळं बसवायला गेलात तर कुणालाच धड होणार नाही.

एक शेवटचं काम मात्र सगळ्यांनी करा. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप उभा आणि आडवा धरून, आकडे वाचता आले पाहिजेत. काँक्रीटचा पट्टा कुठून कुठपर्यंत, गरम पाण्याचा पाईप कुठे, हॉइस्टची वायर कुठून गेलीय. गवंडीमामा घाईत होते, गिलावा कालवून झाला होता, तरी मी त्यांना थांबवलं आणि ते बाजूला उभे राहून घड्याळ बघत होते. ते फोटो प्रिंट करून, वर बाणाने खुणा करून, मीटरच्या बॉक्सच्या दाराला आतून चिकटवलेत. फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, फोन बदलतात, आणि ड्रिल घेऊन जो माणूस येईल त्याला आमच्या फोनचं काय. आत्तापर्यंत दोघांनी ते बघून भोक पाडलं, त्यातला एक आरसा लावायला आला होता आणि त्याने बरोब्बर पाईप चुकवला.